स्वस्त जागेचा इतिहास

बारावीचा निकाल लागून आठ दिवस झाले असतील. धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं होतं. ‘नीट’मध्ये मेडिकलला लागतील एवढे गुण तिला नव्हते. असते तरी तिला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मेहुण्यांनी एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आणलं होतं. गुळगुळीत कागद, एसी वर्ग, पांढरे कोट घातलेली हसरी मुलं. चार वर्षांची फी, हॉस्टेल आणि मेस मिळून हिशेब सात लाखांच्या पुढे जात होता. मेहुण्यांचं गॅरेज आहे. गावाकडचा प्लॉट विकायचा, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मी विचारलं, “सरकारी कॉलेजात काय वाईट आहे?”

बहीण म्हणाली, “भाई, लोक काय म्हणतील? एकुलती एक पोरगी, आणि तिला फुकटच्या कॉलेजात घातलं.”

मागून भाचीचा आवाज आला, “मामू, सस्ता है तो खराबच रहता क्या?”

त्या पोरीनं एका वाक्यात जे विचारलं, त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही. कारण ते उत्तर इतिहासात आहे. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजातली जागा स्वस्त का असते? ती कुणी स्वस्त केली? त्यासाठी पैसा कुणी मोजला? हे आपल्या घराघरांत कुणाला ठाऊक नसतं, म्हणून आपण स्वस्त म्हणजे हलकं असं समजून चालतो.

माझ्या वडिलांचे पैसे

आधी स्वतःची गोष्ट सांगतो. मीही केमिस्ट्रीचाच विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अब्बांनी पतपेढीतून कर्ज काढून माझी फी भरली. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर समजलं, की त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत, त्याच प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर उभा राहून टायट्रेशन करणारा मुलगा माझ्यापेक्षा कितीतरी कमी फी भरत होता. तो अनुदानित तुकडीत होता, मी विनाअनुदानित तुकडीत. माझे गुण त्याच्यापेक्षा कमी नव्हते. आम्ही अर्ज उशिरा केला होता. खिडकीवरच्या माणसानं जो फॉर्म दिला, तो अब्बांनी सही करून परत दिला. ‘अनुदानित’ हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेलाच नव्हता. कॉलेजनंही सांगितला नाही.

अब्बा ते कर्ज माझी पदवी झाल्यावरही दोन वर्षं फेडत होते. पैशापेक्षा मला आजही सलतं ते अज्ञान. हक्काची जागा समोर होती आणि ती आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

हा विषय महागच

इतिहास किंवा मराठी शिकवायला एक खोली, एक फळा आणि एक चांगला शिक्षक पुरतो. केमिस्ट्रीचं तसं नाही. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क फुटतात. आम्ल, क्षार, सॉल्व्हंट संपतात, आणि दर वर्षी पुन्हा आणावे लागतात. गॅसची लाइन लागते, वाफा बाहेर ओढणारं फ्यूम कबर्ड लागतं, वजनाचे नाजूक काटे लागतात. वीस-बावीस मुलांच्या एका बॅचमागे एक शिक्षक आणि एक प्रयोगशाळा सहायक तीन-चार तास उभे असतात. सॉल्ट अॅनालिसिसच्या दिवशी कुजक्या अंड्यांचा वास कपड्यांना घरापर्यंत यायचा, तेव्हा अम्मी दारातूनच ओरडायची.

हा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीमधून काढायचा म्हटलं, तर गॅरेजवाल्याच्या मुलीनं या विषयाकडे पाहायलाच नको. म्हणून केमिस्ट्री शिकवायची तर दुसऱ्या कुणीतरी पैसे घालावे लागतात. आपल्याकडे ते कुणी घातले, ते पाहू.

चार धर्मांच्या पैशांची प्रयोगशाळा

मुंबई विद्यापीठ १८५७चं. पण सुरुवातीची कित्येक वर्षं विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था होती. विज्ञान शिकायला मोठी, स्वतंत्र जागा शहरात नव्हती. ती उभी राहिली काळा घोडा परिसरात, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या रूपानं. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि १९२० मध्ये इमारत पुरी झाली. जमीन आणि कारभार सरकारचा. पैसे देणाऱ्यांत मुख्य नावं चार : सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि सर वसनजी त्रिकमजी मुलजी. एक पारशी, एक बगदादी ज्यू, एक खोजा मुसलमान आणि एक कच्छी व्यापारी.

करीमभाई इब्राहिम हे चीनशी व्यापार आणि कापडगिरण्या यांतून मोठे झालेले गृहस्थ. गिरण्यांना रंग, ब्लीच, साबण, खळ लागत होती. ही माणसं रसायनशास्त्राला ओळखत होती ती पुस्तकातून नव्हे, तर कारखान्यातून. दानात धंद्याची गरजही मिसळलेली होती, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्यांनी प्रयोगशाळा स्वतःच्या जमातीपुरती बांधली नाही. ती सरकारच्या हाती दिली. त्यामुळे ती सगळ्यांची झाली.

याच शहरात १९३३ मध्ये कमला भागवत नावाच्या मुलीनं रसायनशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाची बीएस्सी केली. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला. तिनं हट्ट सोडला नाही. शेवटी अटी घालून का होईना, त्यांना प्रवेश द्यावा लागला. १९३९ मध्ये तिनं केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. कमला सोहोनी या नावानं त्या पुढे मुंबईच्या याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. नीरेतल्या पोषक घटकांवरचं त्यांचं काम कुपोषित आदिवासी मुलांसाठी होतं. ही इन्स्टिट्यूट आज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे.

त्याच १९३३ मध्ये १ ऑक्टोबरला मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. लोक त्याला ‘यूडीसीटी’ म्हणायचे. माटुंग्याची ती संस्था आज आयसीटी म्हणून ओळखली जाते. साधी बीएस्सी झालेल्या मुलांना तिथं पुढे तंत्रज्ञानाची पदवी घेण्याची वाट दीर्घकाळ खुली होती. देशातले कितीतरी रंग, औषध आणि प्लास्टिकचे कारखाने उभारणारे लोक या सरकारी दारातून बाहेर पडले.

जोगेश्वरीची टेकडी

आता आपल्या समाजाच्या अगदी जवळची गोष्ट. १९१४ मध्ये सर मोहम्मद युसूफ यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारला ८ लाख रुपये देऊ केले. जहाज वाहतुकीच्या व्यवसायातलं हे घराणं. १९१४चे ८ लाख म्हणजे किती, याचा ज्यानं त्यानं अंदाज करावा. कॉलेज प्रत्यक्षात यायला १९३० उजाडलं. जोगेश्वरीच्या टेकडीवर ते उभं राहिलं आणि त्याला दात्याच्या वडिलांचं नाव मिळालं : इस्माईल युसूफ कॉलेज. उर्दू, फारसी, अरबीची तिथं खास सोय होती, सोबत विज्ञानही आलं. कॉलेज सरकारी राहिलं आणि दार सर्वधर्मीयांना उघडं राहिलं. डॉ. रफिक झकेरिया याच कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मोहम्मद युसूफ यांना खासगी संस्था काढून घराण्याच्या ताब्यात ठेवता आली असती. तसं झालं असतं तर तिसऱ्या पिढीत भाऊबंदकी आणि चौथ्या पिढीत बिल्डर आला असता. पैसा मुसलमानाचा, संस्था सरकारची आणि फायदा सगळ्यांचा, या रचनेमुळे शंभरीकडे जाणारं ते कॉलेज आजही गरिबाला परवडतं. आपण ज्याला सदका-ए-जारिया म्हणतो, त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

हैदराबादची वाट

पण आम्ही मराठवाड्याचे. मुंबई आमच्यासाठी दुसरं राज्य होतं. आमचा विद्यार्थी निजामाच्या राज्यातला, त्याची वाट हैदराबादची.

१९१७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. आधुनिक विषय भारतीय भाषेतून शिकवणारं हे पहिलं विद्यापीठ. माध्यम उर्दू, इंग्रजी सक्तीचा विषय. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग उघडला गेला. तिथं गणित, भौतिकशास्त्र आणि इल्म-ए-कीमिया म्हणजे रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तकं उर्दूत आली. परिभाषा घडवण्यासाठी विद्वानांच्या बैठकी चालत. मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी तर शब्द कसे घडवावेत यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

औरंगाबादला १९२३ मध्ये या विद्यापीठाचं इंटरमीडिएट कॉलेज सुरू झालं. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. मराठवाड्यातल्या मुलाला घराजवळ दोन वर्षं शिकून मग हैदराबादला जाण्याची सोय झाली. तिथं हॉस्टेल होती, राज्याचे वजिफे होते. उर्दू शाळेत शिकलेल्या गरीब मुलासाठी हा फार मोठा दरवाजा होता.

पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. त्यांच्या मुलांसाठी हाच दरवाजा अरुंद होता. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला केमिस्ट्रीच्या आधी उर्दूचा डोंगर चढावा लागे. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकले गेले. तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं आत घेतलं. एका सार्वजनिक विद्यापीठानं दार लावलं आणि दुसऱ्यानं उघडलं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सार्वजनिक पैशावर चालणारी जागा सगळ्यांची नसेल, तर ती नुसती स्वस्त असून भागत नाही.

निजामशाही गेल्यानंतर

सप्टेंबर १९४८ नंतर उस्मानियाचं माध्यम बदललं, इंग्रजी आलं. उर्दूतून शिकलेल्या पिढीच्या पायाखालची जमीन सरकली. त्या पडझडीतून मराठवाड्याचा मुस्लिम विद्यार्थी बाहेर यायला बराच काळ गेला.

पण याच काळात औरंगाबादेत नवे दरवाजे उघडत होते. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज सुरू केलं. तेच मिलिंद महाविद्यालय. ज्यांना गावातल्या विहिरीवर जाता येत नव्हतं, त्यांची मुलं नागसेनवनात शिकू लागली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, म्हणजे पदवीसाठी हैदराबादच्या छत्राखाली राहण्याची गरज संपली. १९६३ मध्ये रफिक झकेरियांनी मौलाना आझाद कॉलेज सुरू केलं. जोगेश्वरीच्या सरकारी कॉलेजात शिकलेल्या माणसानं ते कर्ज औरंगाबादेत फेडलं, असं मी त्याकडे पाहतो.

पश्चिम महाराष्ट्रात हेच काम आधीपासून चालू होतं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज उघडलं. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र तिथला.

बेलासिस रोडवरचा केमिस्ट

सरकारी बाकावर शिकून काय होतं, असं कुणी विचारलं तर मी ख्वाजा अब्दुल हमीद यांचं नाव घेतो. १८९८ मध्ये अलीगढला जन्म. अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल या सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. असहकाराच्या चळवळीत १९२० मध्ये शिक्षण सोडलं आणि नव्यानं सुरू झालेल्या जामिया मिल्लियाच्या कामात पडले. पुढे जर्मनीला जाऊन बर्लिनची पीएच.डी. घेतली. १९३५ मध्ये मुंबईला ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली आणि बेलासिस रोडवर भाड्याच्या बंगल्यात काम सुरू केलं. तीच आजची सिप्ला. १९३९ मध्ये गांधीजी तो कारखाना पाहायला गेले होते. २००१ मध्ये याच कंपनीनं एड्सची औषधं गरीब देशांना दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी खर्चात देऊ केली, तेव्हा जगभरच्या औषध कंपन्या हादरल्या.

आपल्या जलशांमध्ये जाबिर इब्न हय्यानचं नाव हमखास घेतलं जातं. केमिस्ट्री हा शब्दच ‘अल-कीमिया’वरून आला, असं वक्ता सांगतो आणि टाळ्या पडतात. बाराशे वर्षांपूर्वीच्या जाबिरचा अभिमान जरूर बाळगावा. पण करीमभाई, मोहम्मद युसूफ, हमीद ही शंभर वर्षांतली माणसं. त्यांची नावं किती मुलांना माहीत आहेत?

फी कुठे वाढली?

१९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, पण शिक्षणाला किंमत चिकटली. तीच पद्धत हळूहळू साध्या बीएस्सीपर्यंत आली. मग आपल्या मनात एक समीकरण तयार झालं : जास्त फी म्हणजे चांगलं शिक्षण. त्याचा फटका सगळ्यात जास्त त्यांना बसला, ज्यांच्या घरात विचारायला कुणी शिकलेलं नव्हतं.

२००६च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. नामवंत कॉलेजांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान, आणि पदव्युत्तर वर्गात दर ५० मागे एक. याची कारणं अनेक आहेत, गरिबी आणि भेदभाव त्यांत आहेतच. पण माझ्या अब्बांच्या सहीसारखं एखादं कारणही त्यात असेल, असं मला वाटत राहतं. माहिती नसण्याचं कारण.

मग आम्ही काय केलं?

पुढच्या रविवारी मी बहिणीकडे गेलो. मेहुण्यांना म्हटलं, प्लॉट नंतर विकू, आधी दोन दिवस कॉलेजं बघू. सोबत भाचीला घेतलं आणि तिलाच वहीत प्रश्न लिहायला सांगितले. कॉलेज शासकीय आहे, अनुदानित की विनाअनुदानित? आपल्याला मिळणारी तुकडी नेमकी कुठली? केमिस्ट्रीचे कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? एका बॅचला किती मुलं? आठवड्याला प्रॅक्टिकल खरंच होतं की जर्नल उतरवून घेतात? पदव्युत्तर विभाग आहे का? शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज भरायला ऑफिस मदत करतं का?

खासगी विद्यापीठात आम्हाला ऑडिटोरियम दाखवलं, कॅन्टीन दाखवलं. प्रयोगशाळा दाखवा म्हटल्यावर चावी सापडेना. बहुधा योगायोग असेल.

सरकारी कॉलेजांचंही कौतुक करून चालणार नाही. भरती रखडलेली असते, रिकाम्या पदांवर तासिका तत्त्वाची माणसं वर्षानुवर्षं राबतात, काही ठिकाणी उपकरणं कापडाखाली झाकून ठेवलेली असतात. म्हणून स्वस्त म्हणजे चांगलंच, असंही मी म्हणत नाही. आत जाऊन बघावं, प्रयोगशाळेतल्या सहायकाशी दोन शब्द बोलावेत. किती बाटल्या संपतात हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

पुढच्या वाटांचाही हिशेब आम्ही केला. आयआयटीत केमिस्ट्रीच्या एमएस्सीला ‘जॅम’ ही परीक्षा असते. तिला पेपरातले गुण लागतात, तुमच्या बीएस्सीच्या कॉलेजची इमारत कुणी विचारत नाही. केंद्रीय विद्यापीठांचेही दरवाजे आहेत. आपल्यातल्या अनेक जाती ओबीसीच्या यादीत आहेत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर वेळेवर काढला, तर फीचा भार आणखी कमी होतो. तो दाखला काढायला लाजू नये.

शेवटी भाचीनं औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, किलेअर्कातलं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय निवडलं. १९२३ मध्ये उस्मानियाचं इंटर कॉलेज म्हणून जे सुरू झालं होतं, तेच. मी तिला तो इतिहास आधी सांगितला नव्हता. निवड तिनं तिच्या वहीवरून केली. प्रवेशाची पावती हातात आली तेव्हा मेहुणे तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. चार आकडी रक्कम होती. “एवढेच?” त्यांनी खिडकीवर पुन्हा विचारून घेतलं.

परतताना गाडीत मी भाचीला सांगितलं, की तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. ती जागा स्वस्त नाही. तिची किंमत तेवढीच आहे. फक्त तुझ्या आधी कुणीतरी ती भरून ठेवली आहे. निजामाच्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या महसुलानं, नंतर महाराष्ट्राच्या करदात्यानं, आणि तुझ्या अब्बूंनीही, गॅरेजसाठी घेतलेल्या प्रत्येक ग्रीसच्या डब्यावर कर भरून.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मामू, ब्युरेट फुटली तर?”

म्हटलं, ते पैसे मात्र तुलाच भरावे लागतील.